लेगसी ॲडमिशन : आपली पाळी आली आणि पंगत उठली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे न्यू जर्सीत राहतात, स्वतः पुण्यातून इंजिनिअरिंग करून एमएससाठी इकडे आले, बायको मात्र लहानपणापासून अमेरिकेत वाढलेली आणि तिनं एका आयव्ही (पूर्वेकडच्या आठ जुन्या नामांकित कॉलेजांपैकी एक) कॉलेजातून बीए केलंय. मुलगी अकरावीत. त्यांचं विचारणं असं की आईच्या कॉलेजात लेगसी (म्हणजे तिथल्या माजी विद्यार्थ्याचं मूल) म्हणून मुलीला कितपत फायदा होईल, त्यासाठी अर्ली डिसिजन (म्हणजे लवकर टाकायचा, मिळालं तर तिथंच जावं लागणारा अर्ज) तिकडेच टाकावं का, आणि तिसरं म्हणजे त्यांच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जे पेटलंय ते, की "गोऱ्यांनी शंभर वर्षं यावर ताव मारला, आता कुठं आपली पोरं लेगसी व्हायला लागली तर लगेच बंद करायला निघाले", यात तथ्य किती.

मी सोळा वर्षं याच कामात आहे. त्यातले सात सीझन पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाजगी कॉलेजसाठी बाहेरची रीडर म्हणून अर्ज वाचले, नाव सांगता येणार नाही, तशी सही करून दिलीय. आता स्वतंत्रपणे मुलांना गाईड करते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते थोडं आतलं, थोडं कोर्टाच्या कागदांतलं आणि थोडं माझं मत.

पहिलं म्हणजे लेगसी कोणाला म्हणायचं इथेच आपल्या लोकांचा निम्मा घोळ होतो. घरातलं कुणीही तिथं शिकलेलं असलं की झालं असं वाटतं. माझ्याकडे एकदा एक बाई मामेभाऊ, थोरल्या दिरांचा मुलगा आणि स्वतःचं तीन आठवड्यांचं सर्टिफिकेट अशी रीतसर यादी टाईप करून घेऊन आल्या होत्या, त्यांना नाही सांगताना माझाच जीव खाली-वर. बहुतेक कॉलेजांत लेगसी म्हणजे आई किंवा वडील, आणि तेही त्या कॉलेजातून अंडरग्रॅड झालेले. हार्वर्डमध्ये आई-वडील हार्वर्ड कॉलेजचे किंवा पूर्वीच्या रॅडक्लिफचे (हार्वर्डला जोडलेलं मुलींचं कॉलेज) असले तरच मोजतात, बिझनेस स्कूलचं एमबीए असेल तर ते त्यात येत नाही. स्टॅनफर्ड मास्टर्स, पीएचडीही धरतं, पण अशी उदाहरणं कमी. म्हणजे साहेब, तुमचं एमएस बहुतेक ठिकाणी शून्य किंवा शून्याच्या शेजारी, आणि तुमच्या बायकोचं बीए मात्र अस्सल लेगसी. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला परत लागणार आहे.

एखादं कॉलेज लेगसी बघतं की नाही हे कुणाला विचारत बसायची गरज नसते. कॉमन डेटा सेट नावाचा एक कागद बहुतेक कॉलेजं दर वर्षी काढतात, त्यात सी-सेव्हन नंबरचा तक्ता असतो, त्यात 'अल्युम्नाय रिलेशन' अशी एक ओळ आणि समोर चार चौकोन : फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. बहुतेक लेगसीवाली कॉलेजं तिसऱ्या चौकोनात खूण करतात. "विचारात घेतो". आता हे "विचारात घेतो" म्हणजे आपल्या सरकारी कचेरीतलं "बघू, करू" असतं ना, तसं, त्यात काहीही मावतं. तर त्यात खरं काय मावतं ते सांगते.

नोव्हेंबर ते मार्च माझं डायनिंग टेबल म्हणजे ऑफिस असायचं. दिवसाला पंचवीस-तीस फायली, एकेकीला बारा-पंधरा मिनिटं, चहाचा कप गार होऊन बाजूला. स्क्रीनवर डाव्या बाजूला ट्रान्सक्रिप्ट, उजवीकडे माझ्या नोंदींचा फॉर्म, आणि अगदी वरच्या पट्टीत छोटे छोटे कोड : खेळाडू आहे का, घरात पहिलाच कॉलेजला जाणारा आहे का, लेगसी आहे का. त्या कोडचे मार्क वगैरे काही नसतात. कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं की लेगसीला अमुक इतके पॉईंट वाढवून द्या. म्हणून मी पहिली तीन वर्षं छातीठोकपणे सगळ्या पालकांना सांगायचे, अहो ते नुसतं टायब्रेकर असतं, दोन मुलं अगदी सारखी असली तरच त्याचा उपयोग. माझा खरोखर तसा विश्वास होता.

मग एका वर्षी कमिटीत बसायला मिळालं. दोन फायली एकाच सकाळी आल्या, तपशील बदलून सांगते. एक मुलगा, वडील आणि आजोबा दोघंही त्याच कॉलेजचे. मुलगा चांगला होता हां, वाईट नव्हता, प्रीकॅल्क्युलसला आणि केमिस्ट्रीला बी, बाकी ए, नाटकात काम, उन्हाळ्यात समुद्रावरच्या घरी लहान मुलांना पोहायला शिकवणं. दुसरी मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावची, वडील ट्रक चालवतात, शाळेत चारशे पोरांमागे एक काउन्सेलर, त्यामुळे तिचं शिफारसपत्र चार ओळींचं, तिलाही दोन बी, आणि आठवड्याला वीस तास किराणा दुकानात कॅशवर. टेस्ट स्कोअर उन्नीस-बीस. आता टायब्रेकरच्या हिशोबानं बघाल तर गंमत अशी की "हा लेगसी आहे म्हणून घेऊ" असं त्या खोलीत एकही माणूस एकदाही म्हणाला नाही. जे झालं ते वेगळंच झालं. मुलाच्या दोन बीं-ना कुणीतरी म्हणालं, "नाटकाच्या सीझनमध्ये आलेत, समजण्यासारखं आहे." मुलीच्या दोन बीं-ना, "आपल्याकडच्या गणिताला टिकेल का?" मुलाचा निबंध साधाच होता तर "प्रामाणिक आहे", मुलीचा साधा होता तर "अजून थोडं खोलात जायला हवं होतं". मुलाची फाईल बाजूला पडली आणि दुपारी परत निघाली, "एकदा परत बघूया". मुलीची बाजूला पडली ती पडली.

आणि मी? मी मुलाच्या बाजूनं हात वर केला. कारण त्या क्षणी मलाही तो जास्त 'आपल्यातला' वाटला होता. घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात आलं की अरे, हे टायब्रेकर कुठलं, हे तर वाचणाऱ्याचा चष्माच बदलतं. लेगसीचा खरा फायदा मार्कांत नसतो, तो संशयाच्या फायद्यात असतो. एकाच चुकीला एकाला कारण मिळतं आणि दुसऱ्याला शेरा. आणि ते "परत बघूया" आहे ना, त्याची किंमत बाहेरच्याला कळतच नाही, कारण ज्या कॉलेजात शंभरातले पाच घ्यायचेत तिथं दुसऱ्यांदा बघितलं जाणं हाच मोठा प्रसाद.

हार्वर्डच्या केसमध्ये यातलं बरंच कागदावर आलं. २०१८ मध्ये बोस्टनला खटला चालला आणि २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ॲडमिशनमध्ये वंशाचा विचार करणं बंद केलं, ते सगळ्यांना माहितीय. पण त्याच निकालात एक बारीक गोष्ट आहे. शेवटच्या टप्प्यात जागांपेक्षा मुलं जास्त झाली की हार्वर्ड ज्यांना गाळायचा विचार करतंय त्यांची एक यादी बनवायचं, तिला 'लॉप लिस्ट' म्हणत, म्हणजे छाटणीची यादी. त्या यादीवर प्रत्येक मुलाबद्दल चारच गोष्टी असायच्या : लेगसी आहे का, खेळाडू म्हणून घेतलाय का, फायनान्शियल एड लागणार का, आणि वंश. मार्क नाहीत, निबंध नाही. कोर्टानं त्यातलं चौथं खोडलं. पहिलं तसंच राहिलं.

त्याच खटल्यात जो डेटा बाहेर आला त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं, त्यातले दोन आकडे मी पालकांना नेहमी दाखवते. सहा वर्षांच्या अर्जांत लेगसी मुलांपैकी तेहतीस टक्क्यांच्या आसपास घेतली गेली, बाकीच्यांपैकी सहा टक्क्यांच्या आसपास. लगेच उड्या मारू नका, ही सगळी सत्तावीस टक्क्यांची दरी लेगसीच्या शिक्क्यामुळे नाही, कारण ज्यांचे आई-बाप हार्वर्डचे त्यांच्या घरी पुस्तकं, पैसे, ट्यूटर सगळंच असतं आणि त्यांच्या फायली मुळातच बऱ्या असतात. दुसरा आकडा जास्त बोलका आहे. खेळाडू, लेगसी, डीनच्या खास यादीतले (म्हणजे बहुतेक देणगीदार आणि मोठी माणसं) आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, हे चार गट एकत्र धरले तर निवड झालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के यातली होती. आशियाई, काळी आणि हिस्पॅनिक मुलं बघितली तर प्रत्येक गटात हे प्रमाण १६ टक्क्यांच्याही खाली. आणि त्या ४३ टक्क्यांतली साधारण तीन-चतुर्थांश मुलं, हा शिक्का नसता तर आत आली नसती असा त्यांचा अंदाज.

आता तुमच्या ग्रुपवरचा मुद्दा घेऊ. "आपली पाळी आली आणि पंगत उठली." ऐकायला एकदम पटतं, मलाही दोन मिनिटं पटलं होतं, माझीही दोन पोरं इथंच वाढली. पण जरा मोजून बघा ना. तुमच्या मंडळात किती घरं असतील? शंभर धरा. त्यातल्या किती घरांत आई किंवा वडील अमेरिकेतल्या अशा एखाद्या कॉलेजातून अंडरग्रॅड झालेत, एमएस नाही, अंडरग्रॅड? आपली बहुतेक मंडळी व्हीजेटीआय, सीओईपी, आयआयटी, वालचंद असं करून एमएसला किंवा थेट एच-वन-बीवर आलेली. पाच-सात घरं निघाली तरी खूप झाली, आणि त्या पाच-सातांतही प्रत्येकाला लेगसी फक्त त्या एका कॉलेजात, बाकी सगळ्या ठिकाणी तो तुमच्या-आमच्यासारखाच. म्हणजे पंगतीत पान मांडलंय पाचांचं आणि पंगत उठली म्हणून रडतायत शंभर. बाकीच्या पंच्याण्णव घरांतली मुलं त्याच लेगसीमुळे मागे ढकलली जातायत हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि हे माझं आजचं शोधून काढलेलं नाही. आशियाई मुलांनी १९८०च्या दशकात तक्रारी केल्या होत्या की आमचे मार्क चांगले असून आम्हाला कमी घेतात. केंद्राच्या शिक्षण खात्यानं हार्वर्डची चौकशी केली, १९९० मध्ये निष्कर्ष दिला. निष्कर्ष काय, तर आशियाई मुलांचा सिलेक्शन रेट कमी आहे हे खरं, पण त्याचं कारण कोटा नाही, लेगसी आणि खेळाडूंना दिलेलं प्राधान्य हे आहे, आणि ते कायद्यात बसतं, सबब भेदभाव नाही. केस बंद. म्हणजे सरकारनंच लिहून दिलं होतं की तुमची मुलं यामुळे मागे राहतायत, आणि तीस वर्षांनी आपण ग्रुपवर त्याच गोष्टीसाठी गळा काढतोय.

मुळात हे सुरू कशामुळे झालं तेही एकदा वाचा म्हणजे प्रेम जरा कमी होईल. १९२०च्या दशकापर्यंत या कॉलेजांत परीक्षा पास झालं की बहुतेक प्रवेश मिळायचा. मग न्यूयॉर्क-बोस्टनकडची ज्यू मुलं परीक्षा देऊन भराभर आत यायला लागली आणि जुन्या घराण्यांच्या पोटात दुखायला लागलं. १९२२ मध्ये हार्वर्डचे प्रेसिडेंट लॉवेल यांनी ज्यू मुलांवर १५ टक्क्यांची मर्यादा घालायची सूचना केली, ती उघडपणे मान्य झाली नाही, मग 'कॅरॅक्टर', मुलाखत, फोटो असले मार्ग आले. त्याच वर्षी डार्टमथनं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य असं धोरणातच लिहिलं, आणि १९२५ ला येलनं ठरवलं की जागांची मर्यादा घातली तरी पात्र असलेल्या येलवाल्याच्या मुलाला ती आडवी येणार नाही. नवे लोक हुशार निघाले की दार मार्कांवरून घराण्याकडे वळवायचं. आपण त्या नव्या लोकांच्या जागी बसतो, घराण्याच्या जागी नाही, हे विसरायला तीस वर्षांत एक घर आणि दोन टेस्ला पुरतात असं दिसतं. (सॉरी, पण राहवलं नाही.)

लेगसी म्हणजे वंशाचा प्रश्न कमी आणि पैशाचा जास्त, हे २०२३ च्या जुलैमध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी इन्कम टॅक्सचा आणि ॲडमिशनचा डेटा जोडून दाखवलं. बारा कॉलेजं घेतली, आठ आयव्ही अधिक स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो. मधल्या उत्पन्नाच्या घरातला मुलगा आणि वरच्या एक टक्क्यातला मुलगा, एसएटी सारखी, तरी श्रीमंताचा मुलगा या कॉलेजांत पोचायची शक्यता दुपटीहून जास्त. कारणं तीन निघाली : लेगसी, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे भरघोस गुण, त्यात सगळ्यात मोठा वाटा लेगसीचा. वरच्या एक टक्क्यातल्या लेगसी मुलाची निवड होण्याची शक्यता तेवढेच मार्क असलेल्या सर्वसाधारण मुलाच्या पाचपट. मध्यमवर्गी घरातल्या लेगसीलाही फायदा होतो, पण कमी. आणि हीच लेगसी मुलं जेव्हा त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजात अर्ज करतात, जिथं आई-बाप शिकलेले नाहीत, तिथं त्यांचं पारडं जेमतेम थोडंसंच जड असतं. म्हणजे ती मुलं मुळातच इतकी थोर असतात हा युक्तिवादही गेला.

कॉलेजवाले काय म्हणतात ते सांगायला हवं, नाहीतर म्हणाल एकाच बाजूनं बोलते. म्हणतात की यानं पिढ्यांचं नातं टिकतं, माजी विद्यार्थी वेळ देतात, मुलाखती घेतात, पैसे देतात, आणि त्याच पैशातून गरीब मुलांना स्कॉलरशिप मिळते. आतली अजून एक गोष्ट आहे जी जाहीरपणे कमी बोलतात, ती म्हणजे यील्ड. लेगसी मुलाला घेतलं की तो येणार याची खात्री जास्त, आणि ॲडमिशन ऑफिसला रात्री झोप न लागण्याचं मुख्य कारण हेच असतं की हो म्हटलेल्यातले किती प्रत्यक्षात येतील. पैशाचं म्हणाल तर लोकांनी मोठ्या कॉलेजांचा हिशोब काढून बघितलाय, पालकांची श्रीमंती बाजूला काढली की लेगसी ठेवल्यानं देणग्या वाढतात असं ठोस काही निघालं नाही. आणि जॉन्स हॉपकिन्स बघा. त्यांनी २०१४ मध्ये गुपचूप लेगसी बंद केलं, जाहीर केलं थेट २०२० ला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, त्यांचेच माजी विद्यार्थी मायकल ब्लूमबर्ग यांनी १.८ अब्ज डॉलर दिले, तेही फायनान्शियल एडसाठी. २००९ मध्ये त्यांच्या नव्या बॅचमध्ये १२.५ टक्के लेगसी होते, २०१९ ला ३.५ टक्के. पेल ग्रँटला पात्र असलेली, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरची मुलं याच काळात ९ टक्क्यांवरून १९ वर गेली. आता हे सगळं लेगसी काढल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ब्लूमबर्गचे पैसे नसते तर त्यातली बरीच मुलं फी बघूनच पळाली असती. पण आकाश कोसळलं नाही एवढं नक्की.

एमआयटी (बोस्टनजवळचं, आपलं कोथरूडचं नव्हे) लेगसी बघत नाही, कॅलटेक बघत नाही. ॲमहर्स्टनं २०२१ ला बंद केलं, वेस्लियननं कोर्टाच्या निकालानंतर लगेच. टेक्सास ए अँड एमनं तर २००४ मध्येच, तेव्हा तिथं प्रेसिडेंट होते रॉबर्ट गेट्स, जे पुढे संरक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी जॉर्ज बुश यांनीही जाहीर सांगितलं की लेगसी नको, स्वतः येलचे, वडील येलचे, आजोबा येलचे! राज्यांमध्ये कोलोरॅडोनं २०२१ ला सरकारी कॉलेजांत बंदी घातली, २०२४ मध्ये व्हर्जिनिया आणि इलिनॉयनं सरकारी, तर मेरीलँड आणि कॅलिफोर्नियानं खाजगीसुद्धा. व्हर्जिनियात दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत पडलं नाही आणि सही केली रिपब्लिकन गव्हर्नरनं, त्यामुळे हे डाव्यांचं खूळ आहे वगैरे ग्रुपवरचं बोलणं सोडून द्या.

कॅलिफोर्नियाची गंमत मात्र ऐकण्यासारखी आहे. कायदा झाला पण दात काढून घेतलेला, दंड नाही, नुसतं नाव सरकारी वेबसाईटवर लावणार. आणि तो लागू कुणाला, तर जी खाजगी कॉलेजं राज्याची स्टुडंट एड घेतात त्यांना. स्टॅनफर्डनं २०२५ मध्ये काय केलं, तर राज्याची ती मदतच घेणं सोडतो म्हणाले, मुलांचे तेवढे पैसे आम्ही आमच्या खिशातून भरू, पण लेगसी चालू ठेवणार. म्हणजे लेगसीची किंमत त्यांच्या लेखी त्या मदतीपेक्षा जास्त आहे हे त्यांनी कृतीनं सांगून टाकलं.

आपल्याकडे इनहाऊस कोटा, मॅनेजमेंट कोटा, एनआरआय कोटा असतो, त्याला आपण शिव्या घालतो, घालाव्यातही. पण तो छापलेला असतो. एनआरआयच्या जागा १५ टक्क्यांपर्यंतच, हे इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टानं लिहूनच दिलं. बाकीच्या पोरांना निदान कळतं की आपण इतक्या जागांसाठी लढतोय. इथं जागा राखीव नसतात, टक्का ठरलेला नसतो, यादी लागत नाही, आणि वर सगळ्यांना एकच मेरिट म्हणून सांगितलं जातं, त्यामुळे नाकारलेलं पोर वर्षभर स्वतःलाच दोष देत बसतं. ते माझ्या किचनमध्ये बसून रडलेलं मी बघितलंय, म्हणून माझं मत हे असं आहे : बंद व्हावं, सगळीकडे, माझ्या स्वतःच्या नातवंडांच्या लेगसीसकट.

पण तुमच्या मुलीचा अर्ज माझ्या मतावर चालायचा नाही, तो आज जे नियम आहेत त्यावर चालणार, तेव्हा कामाचं बोलू. आईचं कॉलेज सी-सेव्हनमध्ये "विचारात घेतो" म्हणत असेल तर फायदा आहे, खोटं कशाला बोलू. तो कधी लागू पडतो, तर मुलीची फाईल स्वतःच्या जोरावर त्या ढिगाच्या वरच्या भागात असेल तेव्हा. खाली असेल तर लेगसीला फक्त गोड भाषेतला नकार मिळतो, किंवा सौजन्याची वेटलिस्ट, जी कधीच हलत नाही आणि पोरगी मे महिनाभर उगीच आशेवर राहते. दर वर्षी शंभर डॉलर कॉलेजला पाठवत असाल तर जरूर पाठवत राहा, पण त्याचा ॲडमिशनशी संबंध लावू नका, ज्या देणगीनं फरक पडतो तिच्यात इमारतीवर नाव लागतं.

फॉर्ममध्ये आई-वडिलांचं शिक्षण विचारतात, तिथं कॉलेज, डिग्री, वर्ष सरळ भरा. बस. "हेच कॉलेज का" या निबंधात आईच्या हॉस्टेलच्या आठवणी, लहानपणी घातलेला कॉलेजचा टी-शर्ट, हे अजिबात नको, मी असे शेकडो वाचलेत, चौथ्या ओळीला डोळे मिटायला लागतात. वाचणाऱ्याला कोड दिसलेलाच असतो, परत तेच सांगितलं की त्याला वाटतं पोरीकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नाही. ओळखीच्या माजी विद्यार्थ्याकडून जादा शिफारसपत्र आणू नका. आईच्या बॅचमेटला फोन करू नका, तो फोन नोंदला जातो आणि तुम्हाला हवा तसा नोंदला जात नाही.

अर्ली डिसिजनचं असं आहे की लेगसी आणि अर्ली एकत्र आले की सगळ्यात जास्त वजन पडतं, कारण दोन्हीतून एकच गोष्ट कळते, ही येणार. पण अर्ली डिसिजन बांधून घेणारं असतं, मिळालं की बाकीचे अर्ज मागे, दुसऱ्या कॉलेजशी एडची तुलना करता येत नाही. आणि ते हातात एकच पान आहे. पोरीला ते कॉलेज मनापासून हवं असेल तर टाका, लेगसी बोनस. नको असेल, तिला दुसरीकडचं रोबोटिक्स खुणावत असेल, तर आईच्या डिग्रीपायी ते पान वाया घालवू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला अर्ली ॲक्शन आहे, ते बांधत नाही, तिथं हिशोब वेगळा. तुमचं कुठलं ते तुम्ही सांगितलं नाही आणि इथं सांगूही नका.

तुम्ही एप्रिलच्या सुट्टीत कॅम्पस बघायला जाणार म्हणालात. एक करा, आईला त्या दिवशी हॉटेलवर ठेवा. मी हे दर वर्षी सांगते आणि दर वर्षी आया रागावतात, पण आई बरोबर असली की "इथं आम्ही बसायचो", "ही लायब्ररी तेव्हा नव्हती" हे चालू होतं आणि पोरगी आईचं कॉलेज बघून येते, स्वतःचं नाही. तिला एकटीला फिरू दे, एखाद्या वर्गात मागे बसू दे, कँटीनमध्ये एकटीनं जेवू दे. परत आल्यावर दोन दिवस काही विचारू नका. मग कॉलेजच्या साईटवरच्या नेट प्राईस कॅल्क्युलेटरमध्ये तुमचे खरे आकडे घालून चार वर्षांचा खर्च काढा, आणि तो आकडा आणि तिचं म्हणणं दोन्ही घेऊन परत या, अर्ली डिसिजनचं तेव्हा ठरवू. एक नोव्हेंबरच्या मुदतीला अजून वेळ आहे.